गाठवाली माय

गाठवाली माय कोणाचं नाव विचारत नसे. सामान ठेवायला कोणी आलं की जुन्या लुगड्याची चिंधी टर्रकन फाडायची. अर्धी गठोड्याला गाठ मारून बांधायची, अर्धी त्याच्या हातात द्यायची. परत आल्यावर दोन्ही फाटक्या किनारी जुळल्या, की सामान त्याचं. "नाव का, कोणीबी सांगते," ती म्हणे, "असं फाडून दाखव म्हणा!"

गोंदियाच्या बाजारातली ती बाग म्हणजे चार बाकं, एक मोठा कडुनिंब आणि कोरडं कारंजं. आमच्या दवनीवाड्याकडच्या बाया बाजाराला आल्या की पिशव्या मायजवळ टाकून मोकळ्या हातांनी फिरायच्या. जाताना कोणी वांगी, कोणी मूठभर फुटाणे तिच्या पदरात घाली. माय सांगायची, बाग व्हायच्या आधी तिथं धानाच्या बैलगाड्या सोडत. कारंजं म्हणजे बैलांचा हौद. गाडीवाले गिरणीत गेले की तिची आई त्यांची गठोडी राखी. पुढे गाड्या गेल्या, बाग झाली. मायनं निंबाखालची जागा काही सोडली नाही.

नववीत माझी शाळा सुटली. तमिळनाडूतल्या सूतगिरणीत जायला आम्ही पोरी ठेकेदाराबरोबर निघालो. गाडीला वेळ होता म्हणून बागेत टेकलो, तर त्यानं माझं दप्तर पाहिलं. "एकच बॅग चलेगी. वहाँ पढने जा रही क्या?" सगळ्या हसल्या. मला रडू आवरेना. मायनं दप्तर ओढून घेतलं आणि हिरव्या लुगड्याची चिंधी फाडली.

"काऊन वं, रडून कायले राहिली? सामान इथं हाय म्हणजे तू येशीलच ना."

तिकडे भाषा कळेना, सुपरवायझर सारखा ओरडायचा. चिंधी मुठीत धरली की जीव थाऱ्यावर येई. मी तिथं टिकले ती त्या चिंधीमुळे.

दिवाळीला आले, तर घरी माझ्या झोपायच्या कोपऱ्यात धानाची पोती रचलेली. बागेतही काम सुरू होतं. निंबाभोवती फरशी, गेटला कुलूप. माय बाहेर फुटपाथवर बिनसावलीची बसलेली.

"माय, पलीकडं सावलीत बस ना."

"अन् सामानवाले आले तं? ते इथंच पाहतीन ना मले!" तिनं दप्तर पुढे सरकवलं. "घे, जुळव."

"राहू दे अजून."

"ठेव. पण मी का निंबाचं झाड हाव, इथंच राहाले?"

यंदा उन्हाळ्यात आले तेव्हा गेट उघडं होतं. कारंजं उडत होतं, पोरं फोटो काढत होती. माय नव्हती. शेजारचा चाटवाला भैया म्हणाला, "अम्मा तो गई, बेटी. लू लग गई थी. हटी नहीं यहाँ से." त्याच्या गाडीखाली मायची उरलेली गठोडी होती, त्यांत माझं दप्तर. मी हात पुढे केला. तो मला चांगला ओळखत होता, तरी म्हणाला, "पहले किनार दिखाओ. अम्मा बोलके गई है."

माझी चिंधी घामानं विटली होती, दप्तराची अजून हिरवीगार. त्यानं गाडीच्या फळीवर दोन्ही शेजारी ठेवल्या. धाग्याला धागा लागला.

दप्तर आता इथं गिरणीच्या खोलीत, माझ्या उशाशी आहे. गाठ मी सोडलेली नाही. सुपरवायझर ओरडला की अजूनही चिंधी मुठीत धरते, पण पहिल्यासारखा जीव थाऱ्यावर येत नाही. गोंदियात आता माझं ठेवलेलं असं काही राहिलं नाही.