पुण्याचा हॉर्न, बिशानचा सिग्नल

मंडळी, आज सकाळी भर रस्त्यात माझी मारामारी होता होता राहिली. म्हणजे, मला तरी तसं वाटलं होतं.

लेकीला शाळेत सोडायला निघालो होतो. इथे परदेशात, बिशान भागातल्या चौकात सिग्नल हिरवा झाला तरी पुढची गाडी हलेना. पुण्याच्या सवयीने मी हॉर्न मारला. एकच, तोही छोटासा. आपल्याकडे त्याचा अर्थ "चला आता" एवढाच.

ती गाडी सिग्नल ओलांडून कडेला थांबली. साठीचे एक चिनी अंकल उतरले आणि मला हात दाखवून थांबवू लागले. पुण्यात यापुढे काय होतं ते मी पाहिलंय, एकदा केलंयही. मी थांबलो, बाही वर सारली, दोन कडक वाक्यं इंग्रजीत जुळवून ठेवली.

अंकलनी आधी स्वतःच्याच गाडीला फेरी मारली. चारही टायर बघितले, डिकी ओढून बघितली. मग माझ्या खिडकीशी येऊन काळजीने विचारलं, "माय कार गॉट प्रॉब्लेम, इज इट?"

मी पुटपुटलो, "नो अंकल, ग्रीन लाइट." ते हसले, सॉरी म्हणाले आणि गेले. माझा जीव भांड्यात पडला.

इथे कारणाशिवाय कोणी हॉर्न मारत नाही, हे सात वर्षांत माझ्या हाताला कळलेलं नाही. तुमच्या हाताला कळलंय का?

शाळेच्या गेटवर लेक अगदी इथल्या लहेजात म्हणाली, "बाबा, ही थॉट यू वर हेल्पिंग, लाह."

मी मान डोलावली आणि वर सारलेली बाही गुपचूप खाली केली.