वाकलेली पिन

गुरुवारी आमच्या कंपनीला सुट्टी असते. त्या गुरुवारी दुपारी माझ्या मुलीनं नव्या कॉम्प्युटरचं बटण सहाव्यांदा की सातव्यांदा दाबलं. आतले पंखे फिरले, पण स्क्रीन काळीच राहिली.

शुक्रवारी सकाळी दहाला तिची नोकरी सुरू होणार होती. डिप्लोमानंतरची पहिलीच. रावेतच्या एका छोट्या ऑफिससाठी घरी बसून मशीनच्या भागांची ड्रॉइंग काढायची होती, आणि कॉम्प्युटर स्वतःचा हवा अशी त्यांची अट होती. दुकानदार जोडून देतो म्हणाला होता, हिनंच नको म्हटलं. सुटे भाग घरी आणले आणि सकाळपासून व्हिडिओ बघत, मोशीतल्या आमच्या पुढच्या खोलीत सतरंजीवर पसारा मांडून एकटीनं सगळं जोडलं. तिचे पप्पा ओव्हरटाइमला गेले होते. मी स्वयंपाकघरातून बघत होते. मध्ये पडायचं नाही असं तिनं मला आधीच बजावलं होतं.

पण तिचा चेहरा बघवेना. मी जवळ जाऊन बसले.

"मी जरा हात लावू का?"

"मम्मी, ही काय गाडीची वायरिंग आहे का?"

मी चाकणला गाड्यांची वायरिंग बनवणाऱ्या कंपनीत सोळा वर्षं आहे. कनेक्टर दाबून बसवायचा, 'टक' ऐकायचं, मग हलकेच ओढून बघायचं. मी एकेक कनेक्टर ओढून बघत गेले. कोपऱ्यात पंख्यामागे दडलेला एक ओढला तर तो अलगद हातात आला. पुन्हा दाबला आणि टक वाजलं.

तिनं बटण दाबलं. आतल्या मदरबोर्डवर सकाळपासून लागत होता तो लाल दिवा गेला, पण त्याच्या शेजारचा पिवळा लागला.

"लाल म्हणजे प्रोसेसरची अडचण होती," ती म्हणाली. "पिवळा म्हणजे मेमरी."

पुढे गेलो म्हणून दोघींना बरं वाटलं, पण ते काही टिकलं नाही. मेमरीच्या दोन पट्ट्या होत्या. तिनं एक काढून बघितली, मग दुसरी, मग जागा बदलून. प्रत्येक वेळी पिवळा दिवा तसाच. तासभर हेच चाललं. मग तिनं स्क्रीनची केबल बदलली, प्लग भिंतीवरच्या दुसऱ्या बोर्डात लावला, सगळं पुसून पुन्हा बसवलं. जेवायला उठली नाही. शेवटी दुकानदाराला फोन लावला आणि मेमरीच खराब दिली म्हणून जरा चढ्या आवाजात बोलली.

फोन स्पीकरवर होता. तो शांतपणे म्हणाला, "ताई, आधी प्रोसेसर काढून खालचं सॉकेट बघा आणि मला फोटो पाठवा. तिथं पिन वाकली असेल तर मात्र वॉरंटीत बसत नाही. आणि मदरबोर्ड दुकानात ठेवून गेलात तर चार-पाच दिवस लागतील."

"सॉकेट ठीक आहे," ती लगेच म्हणाली आणि फोन ठेवला.

मी तिच्याकडे बघत राहिले. सकाळपासून तिनं एकूण एक भाग दोनदा काढला-बसवला होता. तेवढ्या एका जागेला हात लावला नव्हता.

"काढून बघू या की," मी म्हटलं.

"तिथं काही नाही. पंखा काढावा लागतो, त्याच्याखालची पेस्ट पुसावी लागते. उगाच काहीतरी होईल."

"सकाळी तिथं काय झालं?"

तिनं हातातला स्क्रू ड्रायव्हर डबीत ठेवला, पुन्हा काढला. मी तिला ओरडणार होते, शब्द तोंडापर्यंत आले होते. पण ही गप्प राहायची तऱ्हा माझ्या ओळखीची होती. कंपनीत लागून मला दुसराच महिना होता. टोक वाकलेलं एक टर्मिनल, म्हणजे वायरच्या टोकाची धातूची पिन, खराब मालाच्या लाल डब्यात टाकायचं, ते मी घाबरून तसंच कनेक्टरमध्ये ढकललं होतं. टेपखाली गेलं, पुढं गेलं. मला चहा जाईना. शेवटी लाइनवरच्या बाईंना जाऊन सांगितलं. त्या राजगुरुनगरकडच्या, आवाजाला करड्या. मला वाटलं, आज गेट दाखवतात. त्या म्हणाल्या, "सांगितलंस त्ये बरं केलंस. आता बस, हुडकू." आम्ही दोघींनी चार ट्रे उघडले आणि ते सापडलं.

हे मी तिला सांगितलं. इतक्या वर्षांत घरात कुणाला सांगितलं नव्हतं.

ती खाली मान घालून म्हणाली, "बसवताना हातातून सुटला. प्रोसेसर. सॉकेटवरच, एका कोपऱ्यावर पडला. मला वाटलं काही झालं नसेल."

"बरं. आता उघड."

तिनं प्लग काढला. पंखा सोडवला, पेस्ट पुसली, खटका उचलून प्रोसेसर बाजूला ठेवला. खाली केसांहून बारीक सोनेरी पिनांचं शेतच होतं. मला नुसती चमक दिसत होती. तिनं मोबाइलचा कॅमेरा झूम करून धरला, तेव्हा कडेची एक पिन शेजारणीवर रेललेली दिसली.

"सुई आणते," मी म्हटलं.

"तू कर, मम्मी. माझ्या हातून पुन्हा काही व्हायला नको."

"मला नीट दिसत नाही." मग सांगूनच टाकलं. "मला तपासणीच्या टेबलावरून काढलंय. डोळ्यांच्या चाचणीत नापास झाले. आता पॅकिंगला असते."

"कधीपासून?"

"महिना झाला."

तिनं काहीतरी विचारायला तोंड उघडलं, पण मी सुई हातात घेतली होती. ठरलं असं की तिनं मोबाइल धरायचा आणि मला सांगायचं. मी कोपर मांडीवर टेकवलं, श्वास सोडला आणि मोबाइलच्या पडद्यावर बघत सुई खाली नेली.

"थोडं डावीकडे. अजून. थांब, ती दुसरी आहे."

मी थांबले. पिन एकदा वाकली की दुसऱ्यांदा वाकवताना तुटायचीच भीती. छताचा पंखा बंद केल्यानं घाम नाकावरून ओघळत होता. तिनं आपल्या ओढणीनं तो टिपला.

"आता टोक तिच्याखाली आहे," ती कुजबुजली.

मी किंचित उचललं. काही झालं नाही. आणखी किंचित उचललं, तशी पिन शेजारणीपासून सुटली. पुरती सरळ झाली नव्हती. मी पुन्हा सुई नेणार होते, तिनं माझं मनगट धरलं.

"राहू दे. आता चिकटलेली नाही. बास."

या वेळी तिनं प्रोसेसर दोन्ही हातांनी, कडा धरून ठेवला. पेस्ट लावून पंखा बसवला. एकच मेमरी लावली आणि बटण दाबलं. पिवळा दिवा लागला. आम्ही दोघी त्याच्याकडे बघत होतो. किती वेळ गेला सांगता येत नाही. दिवा विझला आणि स्क्रीनवर पांढरी अक्षरं उमटली. ती एकदम रडायलाच लागली. मी तिला रडू दिलं आणि पोळ्या गरम करायला उठले.

दुसरी पट्टी मात्र लागली नाही. त्या बाजूच्या जागेत मेमरी घातली की कॉम्प्युटर पुन्हा आंधळा होतो. तिनं दुकानदाराला सॉकेटचा फोटो पाठवला, पडल्याचं खरं सांगितलं, चढ्या आवाजात बोलल्याबद्दल माफीही मागितली. तो म्हणाला, चालतंय ना, मग आता उघडू नका.

शुक्रवारी दहाला ती वेळेत कामाला बसली. अर्ध्या मेमरीवर मोठं ड्रॉइंग उघडायला तिला इतरांपेक्षा जास्त वेळ लागतो, पण तिचं काम त्यांना पसंत पडलं आणि पुढच्याच महिन्यात त्यांनी तिला कायम केलं. त्याच महिन्यात ती मला आकुर्डीला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. नवा चष्मा लागला. तपासणीचं टेबल काही परत मिळालं नाही. पॅकिंगमध्ये उभं राहून पाय दुखतात, ते मी आता घरी सांगते.