कॅमेरा लावल्याशिवाय हजेरी नाही
पनवेलच्या बाजारात सुक्या बोंबलांचा वास आला की मला ऑनलाइन वर्गातली सातवीची एक मुलगी आठवते. टाळेबंदीत ती उरणजवळच्या करंज्याला, कोळीवाड्यात आजोळी होती. कॅमेरा लावल्याशिवाय हजेरी नाही, हा नियम माझाच. तिने एकदाचा लावला, तर मागे काठ्यांवर बोंबील वाळत होते. "बाई, मोबाईलमधून पण वास येतोय!" एक मुलगा ओरडला. सगळे हसले, मीही हसले. वर्गात असते तर फळ्याकडे वळून हसू लपवता आलं असतं; इथे माझा चेहरा तिच्या अगदी समोर होता. तिचा चौकोन काळा झाला. आठवड्याने तिच्या आईचा फोन आला, "बाई, पोरगी घरात पन बोलत नाय. तुमी सांगा ना तिला कायतरी." आईने फोन तिच्या कानाला लावला आणि मी तिची माफी मागितली. शाळा उघडली, ती आली नाही. आता ती अठराची असेल. तिच्या आईचा नंबर मी जपून ठेवलाय; लावायचं धाडस होत नाही.