सैन्याला रस्त्यावर कोण बोलावतं?

सकाळपासून एकच विषय वाचणाऱ्या तिघांना दुपारी मेन्झामध्ये, म्हणजे युनिव्हर्सिटीच्या कँटीनमध्ये, एका टेबलाशी बसवलं, की किस्से आपोआप साठतात. जर्मनीतल्या कार्ल्सरूहेत आमचं तसंच झालंय. अमेरिकेचा डॅनियल, इथलाच येन्स आणि मी, तिघांची पीएचडी एकाच प्रश्नावर: देशात हिंसाचार उसळला, तर राष्ट्राध्यक्षाला लष्कर रस्त्यावर उतरवता येतं का?

पहिल्याच आठवड्यात डॅनियलने विचारलं, "इंडियात सैन्य कोण बोलावतं? प्रेसिडेंट?"

म्हटलं, "दंगल हाताबाहेर गेली तर कलेक्टरसुद्धा बोलावू शकतो."

तो दचकलाच. "हे आमच्या प्रेसिडेंटना सांगू नकोस. कलेक्टरच्या पोस्टला अर्ज करतील!"

*

येन्सच्या आजीच्या गावात पूर आला. सैनिक वाळूची पोती घेऊन मदतीला आले. पोत्यांवरून दोन शेजाऱ्यांची जुंपली, अगदी गुद्दागुद्दी! आजी सैनिकाला म्हणाली, "अरे, सोडव की त्यांना!"

तो पोरगा अदबीने म्हणाला, "आम्हाला फक्त पाण्याशी लढायची परवानगी आहे. तुम्ही पोलिसांना फोन करा."

शेवटी आजीच छत्री घेऊन मध्ये पडली.

*

उन्हाळ्यात सासूबाई-सासरे आले होते. मी नेमकं काय शिकते, हे सासूबाईंना समजून घ्यायचं होतं. मी सांगितलं, की जर्मनीच्या राष्ट्रपतींना सैन्य कुठेच पाठवता येत नाही.

"अगं, मग ते करतात काय?"

"सह्या करतात. भाषणं करतात."

"म्हणजे आपल्या यांच्यासारखेच! सोसायटीचे चेअरमन!"

सासऱ्यांनी पेपर खाली केला. "अगं, पण माझ्या हाताखाली वॉचमन तरी आहे!"

*

मग डॅनियलचं हसणं बंद झालं.

त्याची धाकटी बहीण एमिली एरवी दातांच्या दवाखान्यात काम करते आणि महिन्यातले एक-दोन दिवस राखीव फौजेत ट्रेनिंग घेते. राष्ट्राध्यक्षांच्या आदेशावरून तिची तुकडी तिच्याच शहरात तैनात झाली. त्याच आदेशाविरुद्ध निदर्शनं सुरू होती, आणि त्यांची आई रोज तिथे जात होती.

डॅनियल समोरचं ताट तसंच ठेवून मोबाइलकडे बघत बसायचा. एकदा येन्सने विचारलं, "मग, कायदा काय म्हणतो?"

"कायदा कोर्टात आहे," डॅनियल म्हणाला. "आई रस्त्यावर आहे."

एके दुपारी आईचाच फोन आला. ऐकताना त्याचा चेहरा आधी पडला, मग कसातरीच झाला. फोन ठेवून त्याने सांगितलं, की आई घोळक्यातून पुढे जात जात थेट सैनिकांच्या रांगेपाशी पोचली. समोर हेल्मेट घातलेली एमिली.

आईने विचारलं, "घरी कधी येणार आहेस?"

एमिली समोर बघतच म्हणाली, "तुम्ही सगळे इथून गेलात, की लगेच!"

आई म्हणाली, "आणि आम्ही वाट बघतोय तुम्ही जायची!"