माझ्या रक्तातला सोमल

मला रक्ताचा कॅन्सर झाला होता. हे वाक्य मी आमच्या ईट गावात चारचौघांत मोठ्यानं म्हणते, तेव्हा माणसं इकडेतिकडे बघायला लागतात, मी काहीतरी वंगाळ बोलल्यासारखी. एक बाई तर माझ्या वेणीला हात लावून म्हणाली, "केस तर सगळं हायत की गं, मग कसला कॅन्सर?" मी म्हटलं, "काकू, ओढून बघा, टोप नाही." बाई रागावल्या. रागावू देत. ज्या दुखण्यातून मी उठले त्याची मला लाज वाटत नाही, उलट ताठा वाटतो. आणि माझ्या आई-अण्णांचा तर इतका अभिमान वाटतो की तो गप्प बसून पचत नाही, म्हणून लिहायला बसले.

मी खो-खोची. आमच्या जिल्ह्यात पोरींनी खो-खो खेळणं हे नवल नाही, न खेळणं नवल. शाळेत असल्यापासून खेळले, पुढं जिल्ह्याच्या संघातून खेळले आणि खेळणं सुटल्यावर गावातल्या पोरींना शिकवायला लागले. त्यामुळे माझे गुडघे, नडग्या, कोपरं कायमची काळीनिळी. सूर मारला की कुठंतरी खरचटायचंच, खांबाला वळसा घेताना कुठंतरी ठेचायचंच. आमच्यात असे डाग मिरवायचे असतात. एखादीच्या अंगावर डाग नसला तर आम्ही तिला चिडवायचो, की बाई, तू मैदानावर येतेस का हळदीकुंकवाला?

म्हणूनच त्या हिवाळ्यात मांडीवर, पोटरीवर डाग उठायला लागले तेव्हा मी ढुंकून बघितलं नाही. दात घासताना रक्त आलं, मी ब्रश बदलला. मैदानाला एक फेरी मारून धाप लागायला लागली, तेव्हा मी स्वतःवर चिडले आणि तो राग पोरींवर काढला. दुखणं असेल हे डोक्यातच आलं नाही.

ते आलं अण्णांच्या डोक्यात. माझे वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक, आणि सगळी नोकरी त्यांनी पहिलीचाच वर्ग मागून घेतला. बाकीचे शिक्षक पहिलीला टाळतात. रडणारी, शेंबडी, चड्डीत शू करणारी पोरं कुणाला हवीत? अण्णा म्हणायचे, मला हवीत. पोरांच्या डोक्यातल्या उवांपासून कानातल्या घाणीपर्यंत सगळीकडं त्यांची नजर असायची. एके दिवशी मी फळीवरचा डबा काढायला हात वर केला आणि बाही खाली घसरली. अण्णांनी दंड धरला. दंडाच्या आतल्या बाजूला तळहाताएवढा निळा डाग होता.

"हे कुठं लागलं?"

"खेळताना, अण्णा."

"काखेखाली कोण खेळतं, पोरी?"

त्याच दुपारी त्यांनी मला मोटारसायकलवर बसवून तालुक्याला, भूमला नेलं आणि रक्त तपासून घेतलं. तपासणाऱ्या माणसानं एकदा रक्त घेतलं, मग पुन्हा घेतलं, आणि आमच्याकडं न बघता आत गेला. तिथल्या डॉक्टरांनी एवढंच सांगितलं, की घरी जाऊ नका, इथूनच सोलापूरला निघा. आम्ही जीप केली. आई ईटहून मिळेल त्या गाडीनं भूमला आली आणि आम्ही बार्शीमार्गे सोलापूर गाठलं.

तिथल्या मोठ्या दवाखान्यात रक्ताच्या डॉक्टर बाई होत्या. कंबरेच्या हाडातून मगज काढून तपासला आणि पक्का अहवाल यायच्या आधीच त्यांनी मला कॅप्सूल सुरू केल्या. आम्हा तिघांना समोर बसवून त्यांनी काही न लपवता सांगितलं. हा रक्ताचा कॅन्सर आहे. सुरुवातीचे दिवस धोक्याचे आहेत, कारण रक्त गोठत नाहीये. मेंदूत रक्तस्राव झाला तर आमच्या हातात काही राहणार नाही. ते दिवस निभावले तर मात्र हा बऱ्या होणाऱ्या कॅन्सरांतला आहे. मी आईकडं बघितलं. ती भिंतीकडं बघत होती.

अण्णांनी विचारलं, "मॅडम, झालंय काय नेमकं? मास्तर माणूस आहे, समजून सांगा."

बाईंनी समजून सांगितलं. हाडांच्या मगजात रोज नव्या पेशी होतात. एक पेशी वाढते, आपल्यातल्या जनुकांची दुसरी प्रत तयार करते, प्रत नीट झाली का ते तपासते आणि मगच एकीच्या दोन होतात. पण नुसतं दोनाच्या चार होऊन भागत नाही. प्रत्येकीला आपापलं काम शिकावं लागतं. कुणी प्राणवायू वाहायचा, कुणी रक्त गोठवायचं, कुणी जंतूंशी भांडायचं. काम शिकली की ती पेशी दोन व्हायची थांबते, राबते आणि वेळ झाली की मरते. माझ्या एका पेशीत कधीतरी जनुकांच्या दोन तुकड्यांची अदलाबदल झाली. अशी पेशी तपासणीत अडकते, ही सुटली. तेव्हापासून तिच्या सगळ्या लेकी अर्ध्यावरच अडकल्या होत्या. मोठ्या होत नव्हत्या, काम शिकत नव्हत्या, नुसत्या दोनाच्या चार होत होत्या आणि चांगल्या पेशींना जागाच उरली नव्हती.

अण्णा म्हणाले, "म्हणजे पहिलीतच बसल्यात."

बाई हसल्या. "पहिलीतच बसल्यात आणि रोज नवे प्रवेश चालू आहेत."

"मग त्यांना काढून टाकणार?"

"बहुतेक रक्ताच्या कॅन्सरांत तेच करावं लागतं, त्या पेशींना मारावं लागतं. हिच्या कॅन्सरात सुरुवात तिथून होत नाही. या कॅप्सूल अ जीवनसत्त्वाच्या घराण्यातल्या आहेत. त्या या पेशींना मोठं करतात. मोठ्या झाल्या की त्यांची वाढ आपोआप थांबते."

अण्णांचा चेहरा त्या दवाखान्यात पहिल्यांदा उजळला. खाटेजवळ येऊन माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "पोरी, हे तर आपल्या घरचंच काम निघालं." मरणाच्या दारात पडलेल्या माणसाला हसू येतं का? मला आलं. हिरडीतून रक्तही आलं, पण हसू आलं.

आई मात्र हसली नाही. माझी आई शेत एकटीनं बघते, गड्यांवर आवाज टाकते, बाजारात व्यापाऱ्याला रडवते. माझा तापट स्वभाव तिच्याकडूनच आलाय. पण त्या दिवसांत ती मऊ पडली होती. नात्यातल्या कुणीतरी फोनवर तिला विचारलं होतं, की पोटुशी असताना काही खाण्यात आलं होतं का. तेवढं पुरे झालं. "माझ्या पोटात असतानाच हिच्यात खोट राहिली आसंल," असं ती डॉक्टरांना म्हणाली. बाईंनी सांगितलं, असं काही नाही, हे आईकडून येत नाही, मोठेपणी एका पेशीत घडतं. आईनं मान हलवली. तिला ते पटलं नव्हतं, हे तिच्या मान हलवण्यावरूनच मला कळलं.

मग पक्का अहवाल आला आणि बाईंनी दुसरं औषध सांगितलं, सलाईनमधून द्यायचं. अण्णांनी नाव विचारलं. त्या म्हणाल्या, आर्सेनिक. अण्णांनी मोबाइलवर बघितलं आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, "अगं, म्हणजे सोमल."

आई ताडकन उठली. सोनारीकडं तिचं माहेर. तिच्या लहानपणी भावकीच्या भांडणात कुणीतरी वैरणीत सोमल घालून तिच्या वडिलांची बैलजोडी मारली होती, आणि ते बैल कसे तडफडले ते तिनं दावणीजवळ उभं राहून बघितलं होतं. "बैल मरत्यात त्यानं, बैल! आन माझ्या लेकीच्या नसंत सोडायचा? म्या जिती हाय तवर न्हाय."

ती माझ्या खाटेला आडवी बसली. नर्स आली की डोळे वटारायची. शेवटी मीच म्हटलं, "आई, तू सरक. रक्त माझं आहे. द्या हो, सिस्टर." आई सरकली, पण माझ्याशी बोलायची बंद झाली. सलाईन लागलं. माझ्या जुन्या संघातल्या पोरी प्लेटलेट द्यायला धाराशिवहून येऊन रांगेत बसल्या होत्या, त्यांच्याशी बोलली, माझ्याशी नाही.

आणि मग तेच झालं जे व्हायला नको होतं. एका दुपारी मला ताप भरला. अंग सुजलं आणि श्वास पुरेना. मैदानावर दम कसा राखायचा ते मी शेकड्यांनी पोरींना शिकवलंय, पण त्या दुपारी मला माझा एक श्वास पुरा ओढता येत नव्हता. नाकाला प्राणवायूची नळी लागली. बाईंनी दोन्ही औषधं थांबवली आणि दुसरी इंजेक्शनं सुरू केली. आईनं आरडाओरडा केला नाही. ती फक्त अण्णांना म्हणाली, "म्या सांगितलं हुतं."

श्वास जरा सुधारल्यावर बाई म्हणाल्या की औषधं पुन्हा सुरू करायला हवीत. अर्ध्यावर सोडलं तर जुनं दुखणं उलटेल आणि त्या वेळी ते हातात राहणार नाही. त्या आईला सांगत होत्या की धाप लागली ती औषध लागू पडल्यामुळेच. अडकलेल्या पेशी एकदम मोठ्या व्हायला लागल्या की शरीरात असा गोंधळ माजतो. आई माझ्याकडं बघत राहिली. आणि मी, रक्त माझं आहे असं ठणकावून सांगणारी, या वेळी काही बोलले नाही. मी घाबरले होते. पुन्हा तसा श्वास अडकला तर, हाच एक विचार डोक्यात होता. आता आई जे म्हणेल ते, असं ठरवून मी डोळे मिटले.

आई म्हणाली, "तुमी म्हंता मोठ्या व्हायल्यात. दावा मला."

बाईंनी खरंच दाखवलं. मी खाटेवर होते, पुढचं अण्णांनी सांगितलं. खाली प्रयोगशाळेत आईला सूक्ष्मदर्शकासमोर बसवलं. आधी माझ्या पहिल्या दिवसाच्या मगजाची काच लावली. सगळीकडं मोठ्या, गोल, जांभळ्या गाभ्याच्या पेशी, एकीसारखी दुसरी. मग आताची काच लावली. हिच्यात कितीतरी पेशींचा गाभा आखडून दोन-तीन पाकळ्यांचा झाला होता. बाई म्हणाल्या, वयात आलेली पेशी अशी दिसते.

आईनं बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "ह्या दुसऱ्या नव्या हायत, का त्याच?"

"त्याच आहेत आई. बिघडलेल्याच. पण मोठ्या झाल्या."

"मारल्या न्हाईत?"

"मारल्या नाहीत. वाढवल्या."

आई जिना चढून वर आली. पदरानं तोंड पुसलं, माझ्या उशाशी बसली आणि बऱ्याच दिवसांनी माझ्याशी बोलली. "इकडं बघ गं. भिऊ नगं. म्या बघून आले." मग नर्सला म्हणाली, "लावा सोमल." आणि सलाईन संपेपर्यंत माझा दुसरा हात तिनं सोडला नाही. बैलांचा तो तडफडाट डोळ्यांपुढं असताना तिनं ते दोन शब्द उच्चारले. मी आयुष्यात बक्षिसं पुष्कळ घेतली, पण त्या दोन शब्दांपुढं त्यांचं मला काही वाटत नाही.

मी निभावले. नंतर कितीतरी महिने ईट-सोलापूर वाऱ्या झाल्या, सलाईनचे फेरे झाले. ओठ फुटायचे, डोकं ठणकायचं, आणि आई माझ्या डोक्याला तेल चोळता चोळता खाटेशेजारच्या बायकांना पेशी कशी मोठी होते ते समजावून सांगायची. अण्णा म्हणायचे, मला बोलायची सोयच राहिली नाही. शेवटच्या फेऱ्यानंतर पुन्हा मगज तपासला. तुकड्यांची ती अदलाबदल आता कुठंच सापडत नाही, असं बाईंनी सांगितलं. अण्णा तोंड फिरवून चष्मा पुसायला लागले.

आई म्हणाली, "दावा."

आम्ही तिघंही खाली गेलो. आई सराईतासारखी स्टुलावर बसली आणि डोळा लावला.

"ह्या त्याच का? मोठ्या झालेल्या?"

"नाही आई," बाई म्हणाल्या. "त्या आपलं आयुष्य संपवून गेल्या. या चांगल्या पेशींच्या लेकी आहेत, ज्यांच्यात कधी बिघाड झालाच नव्हता. हिच्या जन्मापासूनच्या."

"जन्मापासनं म्हंजी? माझ्या पोटातल्या?"

"तिथूनच. तुमच्या पोटात एकच पेशी होती. तिच्यापासून ही सगळी मुलगी झाली, आणि याही."

आईची पाठ आमच्याकडं होती. अण्णा हळूच म्हणाले, "सरक की, मलाही बघू दे."

"थांबा वाईच," आई म्हणाली. "ह्या माझ्या हायत."