जाताना सोळा, येताना चौदा

टोरंटोतल्या भावाला मुलगी झाली आणि मे महिन्याच्या सुटीत बाबांना घेऊन तिकडे जायचं ठरलं. मी मालवणजवळच्या कट्टा गावातल्या शाळेत भूगोल शिकवते. बाबा चाळीस वर्षं मालवणात मच्छीमार होडीचे तांडेल होते. होडी कुठे न्यायची, कधी वळवायची, हे सगळं त्यांच्या शब्दावर. शिक्षण मात्र चौथीपर्यंत. म्हणून व्हिसा, तिकिटं सगळं मीच बघत होते.

कुडाळच्या एजंटने तिकिटं हातात दिली. दिल्ली ते टोरंटो जवळजवळ सोळा तास, परत येताना चौदा.

"अंतर तेवढंच, साडेअकरा हजार किलोमीटर," मी म्हटलं. "मग दोन तास गेले कुठे? तुम्ही घड्याळांतला फरक चुकीचा धरलात."

"बाई, हा वेळ कंपनीकडूनच आलाय."

मी पेन काढलं. टोरंटोचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे. निघायच्या आणि पोचायच्या वेळा दोनदा मांडून पाहिल्या. दोन तास काही जुळेनात.

बाबा खुर्चीवर गुडघा चोळत बसले होते. म्हणाले, "वारो गो, बाय. जाताना तोंडार, येताना पाठीर."

"बाबानू, इतक्या वर खंयचो वारो?"

"दर्यार आसा, माडाच्या शेंड्यार त्येच्यापेक्षा जास्त आसा. मगे वर कित्याक नसतलो? देवगडाक जाताना आमका तीन तास लागत, येताना दोन. देवगड काय जाग्यावरसून हलता?"

एजंट हसला. मीही हसले. त्याची लाज मला अजून वाटते.

विमानात बाबांना खिडकी दिली, पण ते समोरच्या पडद्यावरचा नकाशाच बघत राहिले. बऱ्याच वेळाने त्यांनी मला कोपराने ढोसलं. "ह्यो बाण कसलो?"

बाण विमानाच्या नाकावर रोखलेला होता. खाली इंग्रजीत लिहिलेलं मी वाचून दाखवलं: समोरून वारा.

बाबा "हं" म्हणाले आणि चहा मागवायला सांगितला. तेवढंच. उंचावरून पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणाऱ्या जोरदार वाऱ्यांवर आमच्या पुस्तकात अख्खा परिच्छेद आहे. तो मी वर्षानुवर्षं शिकवला होता, मुलांकडून पाठ करून घेतला होता. तो वारा बाबांनी न वाचता ओळखला.

परत येताना बाण शेपटीकडून होता. तो एकदा बघून बाबा निवांत झोपले.

जूनमध्ये नववीच्या वर्गात तो परिच्छेद आला, तेव्हा मी बाबांनाच शाळेत नेलं. इस्त्रीचा पांढरा सदरा घालून ते फळ्यापाशी उभे राहिले. दिल्ली आणि टोरंटो असे दोन ठिपके काढले, आणि त्यांच्या खाली मालवण आणि देवगड. मुलं शेतकऱ्यांच्या घरची, होडीत फारशी न बसलेली. पण ती सावरून बसली.

मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, "आजोबा, वारो दिसना नाय, मगे तुमका कळता कसो?"

"कानार लागता," बाबा म्हणाले. "ह्या कानार जास्त, त्या कानार कमी. तोंड फिरवत ऱ्हवायचा. दोनय कानांका सारखो लागलो, की समोरसून."

खिडकीतून वारा येत होता. सगळा वर्ग डोळे मिटून माना वळवायला लागला. तेवढ्यात मुख्याध्यापक दारात आले आणि त्यांनी विचारलं, "बाई, हे कोण?"

"माझे वडील, सर," मी म्हटलं. "आज भूगोल ते शिकवतायत." आणि मी मुलींच्या बाकावर जागा करून बसले.