पट्टा कापलेलाच नव्हता

ती घटना मी आजही विसरलेलो नाही, आणि विसरण्याचा मला हक्कही नाही. तेव्हा मी तंजावूरला इन्स्पेक्टर होतो. पापनाशमच्या रस्त्यावर एका जुन्या डिझेल गाडीचे ब्रेक लागले नाहीत आणि बस स्टॉपवर उभी असलेली एक शिक्षिका जागीच गेली. पंचनाम्याच्या वेळी इंजिनाचा पट्टा सुटून लोंबत होता, त्याची एक कड पार उसवलेली. त्या गाडीत ब्रेकला जोर देणारा पंप अल्टरनेटरच्या, म्हणजे बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राच्या, पाठीला असतो आणि अल्टरनेटरची पुली, म्हणजे खाचेचं चाक, फिरते याच पट्ट्यावर. पट्टा गेला की ब्रेकचं पेडल दगड होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठाण्यात निनावी फोन आला. पट्टा बसवणाऱ्या मेकॅनिकनेच तो ब्लेडने कापला, कारण गाडीच्या मालकाने त्याला गॅरेजात चारचौघांत शिवी दिली होती, एवढं सांगून माणसाने फोन ठेवला. चौकशीत शिवीची गोष्ट खरी निघाली. मेकॅनिकही ओळखीचा निघाला. राजवाड्यामागच्या गल्लीतला, आमच्याच मराठी घरांतला. त्याच्या बहिणीच्या लग्नात मी जेवलो होतो.

इथेच माझं डोकं फिरलं. आमची इथे मूठभर घरं. आपला माणूस म्हणून साहेबांनी सोडला, असं कोणी म्हणेल याची मला भयंकर धास्ती. मेकॅनिकला बोलावलं, तर तो बिचारा निर्धास्त आला. समोर घरचाच माणूस बसलेला होता ना.

"अण्णा, मी अस्कं, सगळं, सरळ बसवलों होतों. पुल्या एका रेघेत आहेत का, दोरी ताणून पाहा. मला गाडीपाशी न्या, मी दाखवतों."

हवालदार ऐकत होते. "इथे अण्णा नाही, सार म्हण," मी तमिळमध्ये दरडावलं. "आणि तमिळमध्येच बोल."

त्याचा चेहरा उतरला. मग त्याने तेच सगळं तमिळमध्ये सांगितलं. दोरी, पुल्या, रेघ. मला ती टाळाटाळ वाटली. आरोपीला पुराव्याला हात लावू देत नाहीत, हा नियम मला त्या दिवशी बरा आठवला. मग दुसऱ्या कोणाला तरी बघायला सांगा, असंही तो म्हणाला. त्या मागणीला कुठलाच नियम आड येत नव्हता. मी केस डायरीत 'उडवाउडवीची उत्तरे' असं लिहिलं, त्याला अटक केली, रिमांड घेतला आणि जामिनाला कडाडून विरोध केला. गल्लीत त्याच्या बायकोशी कोणी बोलेना. गाडी चालवणाऱ्या, मालकाच्या पगारी ड्रायव्हरचा जबाब मात्र पाच मिनिटांत उरकला. मेकॅनिकनंतर गाडीला कोणी हात लावला का, एवढं विचारलं. तो नाही म्हणाला, मी लिहून घेतलं.

मोटार वाहन निरीक्षक रजेवर होते. ते दहाव्या दिवशी आले. त्यांनी बॉनेट उघडलं, खिशातून दोरी काढली आणि खालच्या पुलीपासून वरपर्यंत ताणून धरली. बाकीच्या पुल्या दोरीला टेकल्या. अल्टरनेटरची तेवढी आत राहिली.

"याच्या मागचे दोन वॉशर कुठे आहेत?" त्यांनी विचारलं. बोल्टावर पान्याचे ताजे ओरखडे होते. "इन्स्पेक्टर, पट्टा कापलेला नाही. तिरका पळून पळून कड झिजली आणि उडाला. कोणीतरी अल्टरनेटर उतरवून घाईत परत चढवलाय."

या कामाला दहा मिनिटंही लागली नाहीत.

ड्रायव्हरला पुन्हा बसवलं. या वेळी दोन तास. शेवटी तो रडायला लागला. बॅटरी चार्ज होत नव्हती, शिवीगाळीनंतर त्या गॅरेजात जायचं तोंड नव्हतं, म्हणून अल्टरनेटर त्याने घरीच खोलला. वॉशर उरले, ते त्याने डॅशबोर्डच्या कप्प्यात टाकले. तिथेच ते सापडले. तो निनावी फोनही त्याचाच होता.

मेकॅनिक सुटला त्या दिवशी मी तुरुंगाच्या दाराशी गेलो. "चुकलं माझं," मी मराठीत म्हणालो.

तो म्हणाला, "अण्णा, एक खरं सांगा. मी तमिळ घरचा असतों तर तुम्ही पहिल्याच दिवशी दोरी लावून पाहिलां असतां का?"

"हो," मी म्हणालो.

त्याने मान हलवली आणि बसकडे चालू लागला. गॅरेज त्याने पुन्हा उघडलं नाही. उघडून काय करणार होता, पट्टा कापणारा म्हणून गावभर झालेलं नाव कोर्टाच्या कागदाने थोडंच पुसलं जातं! आता तो मेहुण्याच्या दुकानात बसतो.

माझं मात्र कौतुक झालं. स्वतःच्या माणसालाही सोडलं नाही, असं वरिष्ठ माझ्या निरोप समारंभातही बोलले आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी हात जोडून गप्प बसलो, त्याची आजही चीड येते. आपल्या माणसाला झुकतं माप देणारे अधिकारी मी पुष्कळ पाहिले आणि त्यांना नावंही ठेवली. पण आपल्या माणसाला मुद्दाम कमी माप देणं हाही तसलाच अन्याय असतो, हे मला त्या केसने शिकवलं. लोक मला निःपक्षपाती म्हणत होते तेव्हा मी फक्त घाबरलेला होतो, आणि माझ्या त्या भीतीपायी दहा दिवस तुरुंगात काढले ते त्याने.